यादव बिऱ्हाडेचा कान

दीपनगरच्या वीजघरात यादव अभिमन बिऱ्हाडे कानाच्या जोरावर नोकरी करत होता, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. हुद्दा ऑपरेटरचा. टर्बाइनच्या मजल्यावर फेरी मारताना त्याच्या हातात एक लोखंडी सळई असायची. सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला बसवलेला लाकडी गोळा कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि मशिनच्या पोटात काय चाललंय ते ऐकायचं. मजल्यावर गरजणाऱ्या त्या सगळ्या गोंगाटात त्याला एका बेअरिंगची कुरकुर वेगळी ऐकू यायची. एकदा एका पंपाला सळई लावून तो म्हणाला, "याला ताप येणार." मीटर सगळे जागच्या जागी होते म्हणून लोक हसले. तिसऱ्या दिवशी पंप उघडला तर बेअरिंग झिजून गेलेलं. तेव्हापासून साहेब लोक मीटर बघून झाले की हळूच विचारायचे, "बिऱ्हाडे, तुमचा कान काय म्हणतो?"

हे ऐकून माणसाची कॉलर ताठ होणारच. यादवचीही झाली होती. पण त्या कॉलरच्या आत एक भीती होती, आणि ती त्यानं बायकोलाही सांगितलेली नव्हती.

भीतीचं कारण घरातच खाटेवर बसून असायचं. यादवचे वडील अभिमन आबा मूळचे पारोळ्याकडचे. उभी हयात त्यांनी कापसाच्या गठाणी उचलल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे कान गेले. कशानं गेले, ते कोणत्याच डॉक्टरला धड सांगता आलं नाही. आधी जाड आवाज गेले. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल्याचं टिपरू पडताना दिसायचं, पण ठोका ऐकू यायचा नाही. मग हळूहळू बाकीचं गेलं. मुकादमाची हाक ऐकू आली नाही म्हणून काम गेलं, आणि गावातली कार्टी मागून टाळ्या वाजवून मजा बघायला लागली. यादव तेव्हा आयटीआयला होता. त्यानं हे सगळं पाहिलं होतं. आणि शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात यादवला चव्वेचाळीस संपून पंचेचाळिसावं लागलं होतं.

एरवी ही भीती झोपलेलीच असायची. तिला जागं केलं एका सबवूफरनं.

झालं असं, की यादव कॉलनीच्या जयंती मंडळात ढोलकी वाजवायचा. त्या वर्षीचा कार्यक्रम कुणीतरी टेप केला आणि एक कॅसेट यादवला दिली. घरी स्टिरिओ होता, दोन स्पीकरचा, बरा होता. त्यानं हौसेनं कॅसेट लावली. ढोलकीच्या शाईच्या बाजूचे बोल कसे चांदीच्या घुंगरासारखे टणटणत होते. पण दुसरी बाजू, धुम, जी डाव्या हातानं घुमवायची, जिच्यावर गाणं उभं राहतं, ती ऐकू यायची ती जेमतेम, शेजारच्या बिऱ्हाडात कुणी उखळात काही कुटत असावं तशी. यादव हिरमुसला. "तीन तास डावा हात सुजवला मी," तो बायकोला म्हणाला, "आणि कॅसेटीत बघ, मी जसा एकाच हाताचा!"

शेवंताबाई माहेरची बोदवडची, बोलायला रोखठोक. ती म्हणाली, "मंग त्या रतिलालले इचारा ना. त्याचं कामच ते हाये."

भुसावळच्या बाजारात रतिलालचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं उभं राहायचं, पण त्याचा हात होता सोन्याचा. त्यानं कॅसेट ऐकली, मान हलवली. "यादवभाऊ, धुम कॅसेटीत आहे. तुमच्या स्पीकरचं तोंड लहान, त्यातून ती बाहेर निघत नाही. तुम्हाला सबवूफर लागेल." आणि पंधरा दिवसांत त्यानं प्लायवुडचा एक मोठा खोका तयार करून दिला. आत दहा इंची स्पीकर, आतच अँप्लिफायर, मागून एक पिनवाली केबल आणि स्टिरिओला जोडायला वायरींच्या दोन जोड्या. पैसे चुकते करून यादव निघाला तेव्हा रतिलाल म्हणाला, "बाकी तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही वीजघरातले. फक्त फेज सांभाळून लावा म्हणजे झालं."

यादवला हसू आलं. ज्या माणसानं वीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याला फेज पुरवली, त्याला हा फेज शिकवतोय!

गुरुवारी यादवची सुट्टी होती. सकाळी अंघोळ उरकून तो कामाला लागला, आणि काम त्यानं वीजघराच्या शिस्तीत केलं. टेस्टर घेऊन सॉकेटची फेज तपासली. उजव्या छिद्रात आहे, बरोबर. अर्थिंग तपासलं, बरोबर. स्टिरिओ आणि खोका दोघांच्या पिना एकाच बोर्डावर घेतल्या, एक बटण दाबलं की दोन्ही चालू. मग राहिल्या त्या दोन जोड्या. प्रत्येक जोडीत दोन वायरी, एकीवर बारीक लाल रेघ, दुसरी कोरी. स्टिरिओच्या मागे प्रत्येक स्पीकरसाठी एक लाल आणि एक काळी अशा खाचा. स्टिरिओ होता कपाटाच्या फळीवर, मागे हात जेमतेम जायचा. यादवच्या बोटांना जी वायर आधी लागली ती त्यानं लाल खाचेत अडकवली. निघाली कोरी. दुसरी जोडीही एकसारखी दिसावी म्हणून तशीच लावली.

शेवंताबाई बघत उभी होती. "एकीवर लाल रेघ दिसू राहिली," ती म्हणाली. "ती लाल खाचेत नाही का जायची?"

"अगं, दोन तर वायरी," यादव हसला. "इकडची तिकडे झाली म्हणून बल्ब लागायचा राहतो का? बल्बाला काय कळतं!"

हात झटकून तो समोरच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. ही खुर्ची बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये, भिंतीला टेकून. शेवंताबाईनं बटण दाबलं. कॅसेट फिरली. शाई टणटणली.

धुम नव्हती.

होती तीही नव्हती! कालपर्यंत ती जेमतेम तरी कानावर येत होती, आज तिचा मागमूस नाही. यादवनं खुर्चीतूनच आवाज वाढवायला सांगितला. तो वाढवून शेवंताबाई मोरीत गेली. शाई कानात टोचायला लागली, धुम काही आली नाही. रतिलालनं नुसता खोकाच तर गळ्यात मारला नाही ना, असं त्याच्या मनात येतंय तोच शेवंताबाई मोरीतून ओरडली, "अहो, कमी करा ते! लई धमधम होऊ राहिली. आठी मोरीत तांब्या हालू राहिला!"

तेवढ्यात अभिमन आबा खाटेवरून उठले. नवा खोका आलाय म्हणून बघायला काठी टेकत गेले, खोक्यावर तळहात ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. त्यांची बोटं खोक्यावर ठेका धरायला लागली. ठेका अगदी अचूक होता. यादवच्या डाव्या हातानं त्या रात्री वाजवला होता तोच.

"पोऱ्या," आबा खणखणीत म्हणाले, कारण त्यांना हळू बोलता यायचंच नाही, "धुम वाजी ऱ्हायनी! माले हातमा लागस!"

यादवच्या पायाखालची जमीन सरकली. वीस वर्षं ठार बहिऱ्या असलेल्या म्हाताऱ्याला हाताला धुम लागते, बायकोला मोरीत ऐकू येते, आणि समोर बसलेल्या आपल्याला नाही. आधी जाड आवाज जातात. हे त्याला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. त्यानं टेप बंद केला आणि म्हणाला, "छान आहे." मग बाहेर जाऊन बराच वेळ नळाच्या तोटीशी खुडबुड करत बसला, तोटी चांगली असताना.

त्यात आणखी भर म्हणजे पुढच्या शुक्रवारी वीजघरातली वार्षिक तपासणी होती. वजन, रक्तदाब, डोळे आणि कान. कानात दोष निघाला तर टर्बाइनचा मजला सुटणार आणि बिऱ्हाडे कुठल्यातरी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसणार. नोकरी गेली नसती. पण "तुमचा कान काय म्हणतो" असं पुन्हा कुणी विचारलं नसतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर काय काय होतं ते त्यानं खाटेवर रोज पाहिलं होतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. पुढचे दिवस यादवनं स्वतःची परीक्षा घेण्यात घालवले. मनगटातलं घड्याळ काढून कधी या कानाला, कधी त्या कानाला. घड्याळ ऐकू यायचं, पण घड्याळाचा आवाज बारीक, त्याचा काय उपयोग? रस्त्यानं ट्रक गेला की तो थांबायचा, इंजिन नीट ऐकू आलं का ते आठवायचा, आणि आठवता आठवता ट्रक फेकरी गावाच्या पुढे गेलेला असायचा. कामावर सळई कानाला लावली की वरची सूं स्पष्ट यायची. पण तिच्या खालची ती जाड घुं, ती खरंच ऐकू येतेय की सवयीनं आल्यासारखी वाटतेय, ते त्याला ठरवता येईना. इतकी वर्षं ज्या कानावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याच्याकडेच तो आता चोरासारखा बघायला लागला.

शेवटी त्यानं सोबतच्या पंडितच्या हातात सळई दिली. "ऐक जरा. काय येतंय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"म्हणजे जे रोज येतं ते," पंडित वैतागला. "तूच तर यातला वैद्य. मला कशाला नाडी बघायला लावतो?"

हाच पंडित मंगळवारी घरी आला, दारातच उभा राहिला आणि टेप ऐकून म्हणाला, "वा रे वा, काय दणका आहे! छाती हादरली की." यादवनं त्याला चहा पाजला, पण स्वतःचा कप तसाच सारला, आणि रात्री ताटही अर्धवट टाकलं.

एक आशा होती, रतिलाल. बुधवारी यादवनं एसटीडीवरून फोन लावला.

"खोका बिघडला का?" रतिलालनं विचारलं.

"नाही. वाजतोय. सगळ्यांना ऐकू येतो."

"मग तक्रार काय आहे?"

आता 'मला ऐकू येत नाही' हे चार माणसं रांगेत उभी असताना कसं म्हणायचं? यादव म्हणाला, "तक्रार अशी नाही. उगाच आपलं."

"फेज बघितली होती ना?"

"दोनदा. टेस्टर लावून."

"टेस्टर?" रतिलाल बुचकळ्यात पडला. त्याला पुढे काही विचारायचं होतं, पण मागचा माणूस कुरकुरायला लागला आणि यादवनं फोन ठेवून दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि इथं तर दिवा म्हणजे अख्खं वीजघर.

गुरुवार उजाडला. उद्या तपासणी. संध्याकाळी यादव खुर्चीत बसून होता आणि टेप चालू होता. ऐकण्यासाठी नव्हे. दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं तसं त्यानं ते चालू ठेवलं होतं. आबा खोक्याशेजारी पाटावर, तळहात खोक्यावर. शेवंताबाईला उद्यासाठी त्याच्या कपड्यांना इस्त्री करायची होती. बोर्डावर मोकळी जागा नव्हती. तिनं कुणाला न विचारता खोक्याची पिन उपटली आणि तिथं इस्त्रीची खुपसली.

धुम आली.

बारीक, जेमतेम, शेजारच्या बिऱ्हाडात कुणी कुटत असावं तशी, पण आली! यादव खुर्चीत ताठ झाला. आबांनी खोक्यावरून हात उचलून तळहाताकडे बघितलं.

"शेवंता, ती पिन परत लाव."

"इस्त्री तापू राहिली ना!"

"लाव म्हणतो ना!"

पिन लागली. धुम गेली. काढ म्हणाला, तिनं काढली. धुम आली. चार वेळा हाच खेळ झाला. शेवंताबाईनं कपाळावर हात मारला, पण नवऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं दिसलं म्हणून पाचव्यांदाही पिन लावली.

जाड आवाजाचं मशिन चालू केलं की जाड आवाज जातो आणि बंद केलं की येतो. कान गेला असता तर दोन्ही वेळा गेला असता. मग खुर्चीपाशी येऊन आवाजाला खातंय कोण? यादव खुर्चीतून उठला, दारापाशी गेला. तिथं दणका होता. मोरीत गेला. तांब्या खरंच थरथरत होता. परत खुर्चीशी आला. कोरडं.

आणि मग त्याला कंट्रोल रूम आठवली. बंद पडलेला जनरेटर पुन्हा लाइनीला जोडायचा असला की तिथं सगळे श्वास रोखून एका गोल काट्याकडे बघतात. काटा फिरत असतो. तो बरोबर बारावर आला, म्हणजे इकडचा जनरेटर आणि तिकडची लाइन एका पावलात चालायला लागली, की मगच बटण दाबायचं. पाऊल उलटं असताना जोडलं तर एक पुढे ओढणार, दुसरा मागे. एका जुवाला दोन तोंडांना दोन बैल जुंपल्यासारखं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा खोक्याचा पडदा मागे जात असेल तर? एकानं दिलेला ठोका दुसरा गिळणार. आणि बरोबर मधल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येणार? शून्य!

"फेज," यादव मोठ्यानं म्हणाला. "अरे, ही फेज! आणि मी सॉकेटात टेस्टर घालत बसलो."

त्यानं कपाटाच्या मागे हात घातला. घाईत कोपर फळीवर आपटलं, पण त्याला ते कळलंही नाही. बॅटरी तोंडात धरून त्यानं चारही वायरी काढल्या आणि लाल रेघेची लाल खाचेत, कोरी काळ्या खाचेत अशा बसवल्या. पाठ वळवून तो अजून वाकलेलाच होता तोच मागून शेवंताबाई म्हणाली, "मी पयल्याच दिवशी काय सांगत होती? लाल रेघ लाल खाचेत. पन आमचं कोन ऐकते!"

"तुझंच ऐकायला पाहिजे होतं," बॅटरी तोंडात असल्यामुळे यादव बोबडं बोलला, आणि बोलताना तिचा उजेड आबांसमोरच्या भिंतीवर नाचला. "बल्बाला कळत नाही, स्पीकरला कळतं."

"लावू का बटन?"

"लाव."

यादव खुर्चीत येऊन बसला. शाई टणटणली, आणि तिच्या मागोमाग पोटापासून, जमिनीपासून धुम उठली. गोल, जाड, भरलेली. त्याचा स्वतःचा डावा हात त्याच्या छातीवर वाजत होता. यादवचा जीव भांड्यात पडला. तो आधी हसला, मग हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले, आणि आठ दिवस पोटात ठेवलेलं सगळं त्यानं बायकोला भडाभडा सांगून टाकलं. आबांचे कान, आपलं वय, घड्याळ, ट्रक, उद्याची तपासणी, सगळं.

शेवंताबाईनं ते ऐकून घेतलं आणि मग ती अशी भडकली की बोलायची सोय नाही. "आठ दिवस! मले वाटलं तुमाले माह्याच हातचं जेवन नाई जाऊ राहिलं! मी मसाला बदलला, दोन डाव!" बोलता बोलता तिलाही रडू फुटलं. तिकडे इस्त्री कधीच गार झाली होती. दुसऱ्या दिवशी यादव तसाच चुरगळलेल्या शर्टावर तपासणीला गेला आणि दोन्ही कान ठणठणीत असल्याचा कागद घेऊन आला, पण त्या कागदाची गरज आता कुणाला उरली नव्हती.

त्या गुरुवारच्या संध्याकाळी मात्र एक माणूस राहिला होता. आबा हे सगळं पाटावरून बघत होते. यादव त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यांना हे सांगायचं तरी कसं, या विचारात तो हातवारे शोधत होता. आबांनीच हात वर करून त्याला थांबवलं.

"नको सांगू," ते म्हणाले. "माले समजनं. आठ दिन व्हयनात, जो बोलस त्याना तोंडकडे तू देखस. ज्याले ऐकू येस तो तोंडकडे देखत नही, भाऊ. मनं भी सुरुवातले तसंच व्हयनं व्हतं. मी कोनले सांगं नही. तू भी सांगं नही."

म्हाताऱ्यानं हे पहिल्याच दिवसापासून ओळखलं होतं आणि आठ दिवस तोही एकटाच बसून होता.

"पन आते," आबा कपाटाकडे बोट करून म्हणाले, "आते तू कपाटमा मुंडकं खुपसेल व्हतं. शेवंता तुना पाठमांगून बोलनी. आनि तू तिले जबाब दिना. मी देखं. मी मना डोयावरी देखं."

आणि अभिमन आबांनी पुढे वाकून आपल्या पंचेचाळिशीच्या पोराचे दोन्ही कान दोन्ही हातांनी घट्ट धरले, आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.